हाताची सवय लागते म्हणे!

चिमुकलीची_आई: कालच्या धाग्यात 'टिपूर' यांनी लिहिलंय, "बाळाला सारखं उचलू नका, हाताची सवय लागते. स्पर्शानं मेंदू घडतो हे थोतांड आहे." वाचून डोकंच फिरलं. माझी लेक बत्तिसाव्या आठवड्यात झाली, दीड किलोची. सिस्टरनी तिला माझ्या उघड्या छातीवर ठेवलं आणि मॉनिटरवरचे ठोके माझ्यासमोर शांत झाले. आपल्या कातडीत असे मज्जातंतू आहेत की सेकंदाला साधारण ३ सेंटीमीटर वेगानं कुरवाळलं की ते सर्वांत जास्त जागे होतात, आणि निरोप थेट मेंदूतल्या 'इन्सुला' नावाच्या भागाकडे जातो. रोमानियातल्या बुखारेस्टच्या अनाथाश्रमांतल्या १३६ मुलांचा अभ्यास २००० साली सुरू झाला. संस्थेतच राहिलेल्यांच्या मेंदूत जोडणीचं पांढरं द्रव्य कमी भरलं. हे थोतांड?

टिपूर: त्या मुलांशी कुणी बोलत नव्हतं, खेळत नव्हतं, रोजचं ओळखीचं माणूस नव्हतं. त्यांतल्या ज्यांना सांभाळायला दुसऱ्या कुटुंबात दिलं त्यांचं बरंच भरून आलं, पण कुटुंब म्हणजे नुसता स्पर्श का? दोष एकट्या स्पर्शावर कसा टाकता?

पाटावरवंटा: स्पर्शाच्या नावाखाली मालिशवाल्या बायांना डोक्यावर घेऊ नका! आमच्याकडच्या बाईनं बाळाच्या नाकात तेल सोडलं, पाय धरून उलटं टांगलं.

अंगाई: एका बाईवरून सगळ्यांना झोडू नका. माझी तीन बाळंतपणं एकाच मावशींनी केली. शेक-शेगडी, अंघोळ, सगळं. त्यांच्या हातात बाळ निवांत झोपायचं.

पाटावरवंटा: तुमचं नशीब. आमचं बाळ तासभर किंचाळत होतं.

चिमुकलीची_आई: मालिशचा वेगळा धागा काढा! टिपूर, २०२१ ची कांगारू केअरची चाचणी बघा. पाच देश, आपलं दिल्लीचं सफदरजंग रुग्णालयही त्यात. जन्मल्याबरोबर छातीशी धरलेल्या कमी वजनाच्या बाळांत मृत्यू १२ टक्के, बाकीच्यांत १५.७.

टिपूर: जीव वाचले, मान्य. पण त्यात ऊब आली, अंगावरचं दूध आलं. मेंदूच्या जोडण्या कुठे मोजल्या? तरी 'थोतांड' मागे घेतो, 'अर्धवट' म्हणतो. मला वडिलांनी कधी जवळ घेतलं नाही. असलं काही वाचलं की वाटतं, माझ्यात काही कमीच राहिलं असं तुम्ही म्हणताय.

चिमुकलीची_आई: तसं नाही हो म्हणायचं मला.

अंगाई: पाटावरवंटा, बाळ किंचाळत होतं तर तुम्ही थांबवलं का नाही?

पाटावरवंटा: सासूबाई शेजारी बसल्या होत्या. अकराव्या दिवशी माझी बोलायची हिंमत नव्हती.