आयर्लंडच्या ओक लाकडाच्या पिंपातली व्हिस्की घरी आलीय, फोडावी का ठेवून द्यावी? जाणकारांनी सांगा

बीडचा_मामा

नमस्कार मंडळी. माझा भाचा बरीच वर्षं आयर्लंडमधी कॉर्कला नोकरीला होता, आता कायमचा गावाकडं आलाय आणि येताना माझ्यासाठी एक बाटली आणली, मिडलटन कंपनीची 'डेर गेलाख'. ही त्यानं २०१५ लाच घेऊन ठेवलेली, तेव्हापासून सील फोडलेलं नाही, म्हणला मामा तुम्ही रिटायर झाल्यावर द्यायची असं तेव्हाच ठरवलं होतं. माझा ऊरच भरून आला राव, पोरानं एवढी वर्षं जपून ठेवली.

लेबलवर 'ग्रिन्सेल्स वुड' असं आणि झाड नंबर ६ असं लिहिलंय. झाडाचा नंबर दारूच्या बाटलीवर कामून असंल हे काही कळंना. आमचे एक मित्र म्हणायलेत की बाटली ७०० एमएलची आहे म्हंजे डुप्लिकेट, खरी ७५० ची असते. आणि आमच्याकडं मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत हात लावता येत नाही असं ऊन, तिथं ही टिकंल का? लोक म्हणतात अशा बाटल्यांची किंमत वाढत जाते, मग ठेवावी का? भाचा तर म्हणतो मामा फोडा. मी आपला साधा माणूस, चार महिन्यातून एखादा पेग घेणारा, म्हणून विचारायलो.

रसायन_नांदेड

मामा आधी ७०० एमएलचं सांगतो, युरोपात स्पिरिटची बाटली ७०० चीच असते, ७५० आपल्याकडं आणि अमेरिकेत चालते. तिकडून आणलेली बाटली ७०० ची असणं हेच बरोबर आहे.

आता झाडाचं. तुमच्याकडं जी आली ती 'डेर गेलाख' मालिकेतली पहिली आवृत्ती आहे, २०१५ लाच निघाली. आयरिश व्हिस्की बहुतेक अमेरिकेच्या बर्बनच्या (तिकडची मक्याची व्हिस्की) जुन्या पिंपात नाहीतर स्पेनच्या शेरीच्या (तिकडची कडक वाइन) पिंपात मुरवतात, कारण आयर्लंडमधी स्वतःचा ओक जवळजवळ उरलाच नव्हता. शेकडो वर्षं जंगलतोड झाली, जहाजं पिंपं घरं सगळं त्याच लाकडाचं, २० व्या शतकाच्या सुरुवातीला तिथं जंगल १ टक्क्याच्या आसपास राहिलं होतं. म्हणून त्यांच्याच मातीतल्या ओकमधी त्यांचीच व्हिस्की मुरवायची हे तिथल्या लोकांना फार मोठं वाटलं. 'डेर गेलाख' या नावाचा अर्थच 'आयरिश ओक' असा आहे. किलकेनी काउंटीत बॅलाटोबिन म्हणून एक इस्टेट आहे, तिथल्या ग्रिन्सेल्स वुड नावाच्या रानातून २०१२ ला १० झाडं निवडून तोडली, सव्वाशे वर्षांपेक्षा जुनी. त्यातलं सहावं झाड तुमचं. कुठल्या झाडाच्या पिंपातला माल कुठल्या बाटलीत गेला हे त्यांनी शेवटपर्यंत वेगळं ठेवलं, म्हणून तो नंबर आहे.

अजून एक, आतला माल सगळी वर्षं या ओकमधी नव्हता. सिंगल पॉट स्टिल, म्हंजे मोड आणलेलं आणि न आणलेलं असं दोन्ही जव वापरून काढलेली, १५ ते २२ वर्षं बर्बनच्या पिंपात मुरली आणि शेवटचं साधारण एक वर्ष आयरिश ओकमधी काढली. नवं लाकूड फार जोरात उतरतं, जास्त ठेवली असती तर नुसती लाकडाचीच चव आली असती.

वखारवाला_परभणी

आमचा तीन पिढ्यांचा लाकडाचा धंदा आहे म्हणून मला यातलं लाकूडच जास्त आवडलं. युरोपातला ओक कसाही चिरला तर पिंप गळतं. अमेरिकन पांढऱ्या ओकच्या नळ्या आतून आपोआप बुजलेल्या असतात, त्यामुळं तो चिरायला सोपा. युरोपातल्याचं तसं नाही, ओंडक्याचे आधी चार भाग करायचे आणि मग गाभ्यापासून सालीकडं जाणाऱ्या ज्या रेषा असतात त्यांच्या दिशेनं फळ्या काढायच्या, यात लाकूड लई वाया जातं पण फळी वाकत नाही आणि गळत नाही. ह्या झाडांचे ओंडके त्यासाठी स्पेनमधी गॅलिसियाच्या सॉ मिलला पाठवले होते, तिथं चिरून मग खाली दक्षिणेला हेरेसला पिंपं बांधणाऱ्यांकडं नेले, तिथं १५ महिने वाळवले आणि आतून शेकून ४८ पिंपं झाली. १० झाडांची ४८ पिंपं! आमच्याकडं सागाचं एक जुनं झाड उतरवताना घरातले मोठे अजून त्याला हात जोडतात, त्यामुळं झाडाला नंबर देऊन त्याचा हिशोब बाटलीपर्यंत न्यायचा ही गोष्ट मला फार भावली.

गोदाकाठ

ठेवायचं म्हणाल तर मामा, बाटलीत गेल्यावर व्हिस्की मुरत नाही, अजून २० वर्षं ठेवली तरी वय तेवढंच राहणार. किंमत वाढते ती बाटल्या कमी होत जातात म्हणून. पण विकायचा विचार असंल तर ऐका, लायसन नसताना दारू विकणं आपल्याकडं गुन्हा आहे, सीलबंद असू द्या नाहीतर नसू द्या. पिण्याचं परमिट वेगळं, ते काढलं नसंल तर काढून घ्या.

उन्हाचं: पत्र्याच्या खोलीत बिलकुल नको. घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, खालच्या कप्प्यात, अंधारात, आणि उभी ठेवा. वाइनसारखी आडवी ठेवली तर एवढ्या कडक दारूनं बूच खराब होतं. फ्रिजची गरज नाही.

रसायन_नांदेड

उन्हावरून आठवलं, तिकडच्या थंडीत पिंपातून वर्षाला २ टक्क्यांच्या आसपास उडते, आपल्या देशात गरम भागात १० टक्क्यांपर्यंत जाते. २० वर्षं मुरवलेला माल आपल्याकडं झालाच नसता, पिंपात जवळजवळ काही उरलंच नसतं. आणि मामा फोडली तर एक लक्षात ठेवा, ही ५८ टक्के अल्कोहोलच्या आसपास आहे, नेहमीची ४० ते ४३ ची असते. आधी थोडी तशीच चाखा, मग चमच्यानं पाणी घालत जा, सोडा आणि कोक लांब ठेवा.

बीडचा_मामा

सगळ्यांचे मनापासून आभार. मित्राला ७०० चं सांगितलं, पटलं त्यांना. काल भाच्याला बसवून वखारवाल्या भाऊंचं सगळं वाचून दाखवलं, त्याला झाडाचं माहीत होतं पण लाकूड स्पेनला जाऊन आलं हे माहीत नव्हतं. ठरलं आता, फोडायची. पावसाळा लागला की शेतातल्या घरी, भाचा, मी आणि त्याचे वडील असे तिघं. परमिटचा फॉर्म उद्याच भरायलो. अर्धी राहिली तर किती दिवस टिकती तेवढं सांगा.

गोदाकाठ

अर्धी असंल तर सहा महिने आरामात, बूच घट्ट लावा. पाव राहिली की छोट्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवा, हवा जेवढी कमी तेवढं बरं. रिकामी झाली की बाटली टाकू नका, झाडाचा नंबर तिच्यावरच आहे.