वाशिनोमियाची कमान आणि अ‍ॅनिमेचा प्रेक्षक

अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन, प्रेक्षकाला वास्तवापासून तोडतो, हे विधान मला अपुरे वाटते. जपानमधील सायतामा प्रांतातल्या वाशिनोमिया येथील शिंतो (जपानचा पारंपरिक धर्म) देवस्थानाचे उदाहरण पाहावे. २००७ साली प्रसारित झालेल्या ‘लकी स्टार’ या अ‍ॅनिमे मालिकेच्या शीर्षकदृश्यात या देवस्थानाचे प्रवेशद्वार सहज ओळखू येईल असे रेखाटले होते. ते शोधत चाहते तेथे पोहोचू लागले आणि २००८ च्या नववर्षदर्शनाला आलेल्यांची संख्या सुमारे ३ लाखांवर गेली. नवसाच्या ज्या लाकडी पाट्यांवर एरवी परीक्षेतील यश किंवा घरच्यांचे आरोग्य मागितले जाते, त्यांवर मालिकेतील पात्रे उमटू लागली. काही तर इतकी सुबक, की मागणे काय आहे हे वाचायचेच राहून जावे.

यामागे चित्रणपद्धतीचाही वाटा असावा. १९६३ च्या ‘तेत्सुवान आतोमु’ (‘अ‍ॅस्ट्रो बॉय’) या अ‍ॅनिमे मालिकेपासून दूरचित्रवाणीसाठी कमी चित्रांत काम भागवण्याची रीत रुळली: चेहरा स्थिर, ओठ तेवढे हलतात आणि उरलेली हालचाल प्रेक्षक मनात पुरी करतो. पात्रे मोजक्या रेषांची, पार्श्वभूमी मात्र खऱ्या रस्त्याबरहुकूम, अशी सांगड घातली गेली की ज्या जगाची रिकामी जागा आपण स्वतः भरली आहे, ते जग खऱ्या गावातही शोधावेसे वाटते. वाशिनोमियाच्या गावकऱ्यांनीही हे ओळखले आणि २००८ पासून तेथील उत्सवाच्या मिरवणुकीत या पात्रांची पालखी निघू लागली.