मदत हवी आहे: गाडीतल्या जीपीएसची भाषा कुणी समजावून सांगेल काय?

नमस्कार मंडळी, गेल्या महिन्यात सेकंडहँड गाडी घेतली, तिच्यात कंपनीचाच नेव्हिगेशन स्क्रीन आहे, मोबाईल जोडायला लागत नाही. मॅन्युअल मात्र मिळालं नाही. बेळगावात त्याची गरज पडत नाही, पण परवा चोर्लामार्गे गोव्याला निघालो आणि नुसता गोंधळ.

चालू केलं तर किती वेळ 'अक्वायरिंग सॅटेलाइट्स' एवढंच. 'बेळगावी' टाकलं तर सापडेना, 'बेलगाम' टाकल्यावर सापडलं, हायवेला पण अजून एनएच ४ म्हणायलंय. खाली ईटीए १:१० दिसत होतं, मी बायकोला सांगितलं आणि सव्वा तासात पोचतोय, ते निघालं पोचायची वेळ, घड्याळातलं एक वाजून दहा. जांबोटीच्या अलीकडं 'शॉर्टेस्ट' लावलं तर त्या आतल्या बाईनं सरळ पाणंदीत घातलं, दोन्हीकडं भात, समोरनं बैलगाडी, रिव्हर्स घेत घेत मागं आलो, त्यावरनं घरात अजून बोलणी खातोय.

पण कणकुंबीच्या पुढं जंगलात मोबाईलला एक काडी रेंज नव्हती तिथं हे झक्कास चाललं! मग हे नेटवर चालत नाही काय? आणि सॅटेलाइटला पाणंद दिसत नाही? वेपॉइंट, पीओआय ही काय भानगड आहे?

प्रतिसाद १:
दादा, सॅटेलाइट तुमच्याकडं बघतच नाही ओ. ते वीस हजार किलोमीटरवरनं फक्त वेळ आणि स्वतःची जागा रेडिओवर सांगत फिरतंय. गाडीतला रिसीव्हर निदान ४ सॅटेलाइटचं ऐकतो, सिग्नल यायला किती वेळ लागला त्यावरनं आपली जागा काढतो. नुसतं ऐकायचंच काम, त्यामुळं रेंज नको, नेट नको. रस्ते मात्र गाडीतल्या मॅपमधले, आणि तुमचा मॅप म्हातारा झालाय. हायवेचे नंबर २०१० ला बदलले, गावाचं नाव १ नोव्हेंबर २०१४ ला, यावरनंच वय काढा. त्यात पाणंद रस्ता म्हणून काढलेली असणार. शॉर्टेस्ट म्हणजे किलोमीटर कमी, बाकी कसलाही रस्ता चालतो त्याला. 'फास्टेस्ट' ठेवा, कच्चे रस्ते टाळायचं सेटिंग असलं तर तेही लावा.

वेपॉइंट म्हणजे मधला थांबा, जांबोटीला चहा प्यायचा असला तर तो. पीओआय म्हणजे पंप, एटीएम, लॉज असली ठिकाणं.

प्रतिसाद २:
'अक्वायरिंग' म्हणजे अजून सॅटेलाइट शोधायलंय. गाडी पत्र्याखाली लावताय काय? आकाश मोकळं पाहिजे. बरेच दिवस बंद असली तर सगळ्या सॅटेलाइटचं वेळापत्रक परत उतरवून घेतंय, ते पूर्ण यायला साडेबारा मिनिटं लागतात.

मूळ प्रश्नकर्ता:
पत्र्याखालीच ओ! आधीचा मालक म्हणत होता महिनाभर हलवली नव्हती. मॅप डॅशबोर्डातल्या एसडी कार्डावर आहे असं वाटतंय, ते काढून बघू काय? काढल्यावर सगळंच बंद पडलं तर बायको परत गाडीत बसणार नाही.