प्रतिसाद: बी.लिब. करू द्याच

ताई, भाचीला बी.ए.नंतर नागपूर विद्यापीठातून बी.लिब. (ग्रंथालयशास्त्राची पदवी) करायचंय आणि घरचे ‘गूगल असताना कशाला’ म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. करू द्या तिला! फक्त कॉलेजात ग्रंथपाल व्हायचं तर एम.लिब. आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, नाहीतर पीएच.डी. लागते, हे आधीच सांगा.

कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर आत्तापासूनच शिकू दे. मोफत आहे, लिनक्सवर चालतं. घरातल्याच पुस्तकांच्या नोंदी करून पाहाव्यात. पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्यूई पद्धतीत मराठी साहित्य 891.46, हे पाठ होतं. पण संतचरित्र साहित्यात लावायचं की धर्मात, तिथं खरा कस लागतो. वाचक ते कुठं शोधेल, हा विचार नुसत्या नोट्स वाचून येत नाही. त्यासाठी सीताबर्डीकडच्या एखाद्या वाचनालयात महिनाभर देवघेवीच्या काउंटरवर बसू द्या. सुट्ट्या लागायच्या आत विचारून ठेवा.