बोअरला कॉम्प्रेसर बसवावा का? हवेने पाणी वर येतं तरी कसं?

डाळिंबवाला_सांगोला
नमस्कार मंडळी. अडीच एकर डाळिंब आहे, बोअर ३०० फूट, साडेसहा इंची. दोन वर्षांत सबमर्सिबल (बोअरमध्ये बुडवलेली मोटर) तीनदा वर काढली, दोनदा वाइंडिंग (मोटरमधली तार) जळालं आणि एकदा बारीक वाळूने इंपेलर (पाणी ढकलणारी चाकं) पार खाऊन टाकले, हातात घेतले तर कडा ब्लेडसारख्या झालेल्या. पाणी बादलीत धरलं की तळाला करडी रेती बसते. आता एक बोअरवाला म्हणतो कॉम्प्रेसर बसव, आत मोटरच नको, दोन पाईप सोडायचे, बारक्यातून हवा खाली जाते आणि मोठ्यातून पाणी वर येतं. मी एका ठिकाणी जाऊन बघितलं, खरंच येतं, धाप लागल्यासारखं भकभक येतं, पण येतं. तरी माझ्या डोक्यात बसत नाहीये की हवा खाली सोडली तर ती बुडबुडे होऊन निघून जाईल ना, मग एवढ्या खोलातून पाण्याला उचलतं कोण? आणि किती एचपी घेऊ, एक दुकानदार ५ म्हणतो, दुसरा साडेसात म्हणतो. पाणी पावसाळ्यानंतर ९० फुटांवर असतं, उन्हाळ्यात किती खाली जातं ते कधी मोजलेलं नाही.

मेकॅनिकल_मिरज
दादा, एचपीचा प्रश्न नंतरचा. आधी उन्हाळ्यातलं पाणी मोजा, कारण सगळं त्याच्यावरच आहे.

तुम्ही विचारलंत उचलतं कोण, तर हवा नाही उचलत, तुमच्या बोअरमधलं बाकीचं पाणीच उचलतं. असं बघा, मोठा पाईप पाण्यात बुडालेला आहे, आत पण पाणी, बाहेर पण पाणी, दोन्हीकडे वजन सारखं म्हणून पातळी सारखी. आता पाईपच्या तळाशी हवा सोडली की आतल्या पाण्यात बुडबुडे मिसळतात आणि आतला खांब हलका होतो. बाहेरचा खांब तसाच जड. मग जड बाजू हलक्या बाजूला खालून रेटते आणि आतलं पाणी-हवेचं मिश्रण चढत चढत तोंडातून बाहेर पडतं. पाण्याचा पाईप अरुंद असला की मोठे बुडबुडे मधलं पाणी थोडंफार ढकलत पण नेतात, म्हणून तुम्हाला ते भकभक दिसलं, पण मूळ जोर बाहेरच्या पाण्याच्या वजनाचा.

त्यामुळे पाईप पाण्याखाली किती आणि वर किती हे महत्त्वाचं. समजा २८० फुटांवर फूट पीस (पाईपच्या तळाचा, हवा आत सोडणारा तुकडा) लावला. पाणी ९० वर असताना १९० फूट पाईप बुडालेला, म्हणजे २८० पैकी जवळजवळ ६८ टक्के, झकास चालेल. तेच पाणी १८० वर गेलं की १०० फूटच बुडालेला, ३६ टक्के, मग त्याच पाण्याला कितीतरी जास्त हवा लागते. आणि हवा वाढवत गेलं तर एका हद्दीनंतर हवा मधून सरळ निघून जाते, पाणी नुसतं पाईपच्या भिंतीला चिकटून राहतं. म्हणून मोठा कॉम्प्रेसर म्हणजे जास्त पाणी हे डोक्यातून काढा.

प्रेशरचा हिशोब सोपा आहे, एक फूट पाण्याला ०.४३३ पीएसआय (दाबाचं माप). १९० फूट बुडालेला असेल तर सुरू व्हायला ८२ पीएसआय लागेल, १०० फूट असेल तर ४३ पुरे. उन्हाळ्यात प्रेशर कमी लागतं पण हवा जास्त खाते, इथेच बरेच जण चुकतात, काटा खाली दिसला की मशीनला लोड नाही असं समजतात. आणि मोजताना उपसा चालू असतानाची पातळी धरा, शांत बोअरची नाही, उपसायला लागलं की पाणी खाली जातंच.

माणदेशी_शेतकरी
माझ्याकडे नऊ वर्षं कॉम्प्रेसर आहे म्हणून लिहितो. आमच्या बोअरला पण अशीच रेती होती. आत फिरणारं काहीच नसल्यामुळे रेती आली तरी नुकसान नाही, पाणी संपलं तरी जळायला काही नाही, नुसती हवा फुसफुसत बाहेर येते, अर्धा तास बंद ठेवायचं, झिरपून पाणी भरतं, परत चालू. कमी पाण्याच्या बोअरला याच्यासारखं दुसरं काही नाही हे मी मनापासून सांगतो.

पण लाईट बिल जास्त येतं, तेवढ्याच पाण्याला सबमर्सिबलच्या दुप्पटही वीज लागते कधीकधी. पट्टे बदलावे लागतात, व्हॉल्व्ह साफ करावे लागतात, ऑइल बघावं लागतं. कॉम्प्रेसरच्या पिस्टनच्या रिंगा झिजल्या की ऑइल हवेबरोबर बोअरमध्ये जातं आणि पाण्यावर तवंग येतो, तसलं पाणी प्यायचं नाही आणि ड्रिपला पण नको, लगेच रिंगा बदलून घ्यायच्या.

अजून एक, हे पाणी थेट लांब न्यायचं नाही. बोअरच्या तोंडाशीच हवा सुटून जाते, तिथून पुढे जोर शिल्लक नसतो, आणि आडव्या पाईपमध्ये हवा वरून पळते आणि पाणी खाली लोळत राहतं. बोअरपाशीच हौद बांधा, त्यात पाडा, रेती हौदात बसू द्या, तिथून मोनोब्लॉकने (बाहेर बसवायच्या पंपाने) ड्रिपला. आम्ही पहिल्या वर्षी थेट ३०० फूट लांब टाकीला जोडलं होतं, दोन महिने वैतागलो.

कॉम्प्रेसरच्या प्रेशर गेजचा एक उपयोग सांगतो, कुणी सांगत नाही. उपसा थांबवून शांत झालेल्या बोअरमध्ये कॉम्प्रेसर चालू केला की काटा चढत जातो आणि पाईपमधलं पाणी रेटून हवा तळातून निघायला लागली की तिथे थांबतो. त्या आकड्याला २.३१ ने गुणा, हवेच्या पाईपच्या टोकावर तेवढे फूट पाणी आहे. ६० दिसले तर १३८ फूट. मी दर पंधरवड्याला वहीत लिहून ठेवतो, बोअर कधी आटणार ते महिनाभर आधी कळतं.

तळ्याकाठी
आमच्याकडे मत्स्यपालनाच्या टाक्यांत हेच चालतं, फक्त पाणी चार-सहा बोटंच उचलायचं असतं, त्यामुळे नव्वद टक्क्यांच्या वर पाईप बुडालेला असतो आणि छोट्या ब्लोअरवर खूप पाणी फिरतं. एकाच हवेत पाणी पण फिरतं आणि माशांना ऑक्सिजन पण मिळतो.

भाऊ, पटत नसेल तर घरी करून बघा. एक ड्रम पाण्याने भरा, अर्धा इंची पीव्हीसी पाईप उभा धरा, तळापासून बोटभर वर भोक पाडून त्यात फिशटँकच्या छोट्या पंपाची नळी खुपसा. पाईपचं वरचं तोंड पाण्याच्या वर वीतभर ठेवा. पंप लावला की आत बुडबुडा, पाणी, बुडबुडा, पाणी असे तुकडे चढताना ऐकू येतात, गुळुक गुळुक, आणि तोंडातून पाणी सांडतं. आता पाईप हळूहळू वर उचलत जा. धार बारीक होते, मग पाणी तोंडापर्यंत येऊन परत खाली घसरतं, आणि एका उंचीला थांबतंच, हवा मात्र तेवढीच चालू असते. मला हे पुस्तकात दहा वेळा वाचून कळलं नव्हतं ते ड्रममध्ये पाच मिनिटांत कळलं.

समुद्रकाका
मुंबई हायवर, म्हणजे मुंबईजवळच्या समुद्रातल्या तेलक्षेत्रात, बरीच वर्षं काढली आहेत, तिथेही हेच, फक्त पाण्याच्या जागी तेल आणि हवेच्या जागी नैसर्गिक वायू. १९७४ साली तेल सापडलं, १९७६ ला उत्पादन सुरू झालं. सुरुवातीला तेल स्वतःच्या दाबाने वर येतं, पण साठ्याचा दाब उतरला की खांब जड पडतो. मग केसिंग (विहिरीचा बाहेरचा पाईप) आणि ट्युबिंगच्या (तेल वर आणणाऱ्या आतल्या पाईपच्या) मधल्या जागेतून वायू खाली दाबायचा, ठरावीक खोलीवरच्या व्हॉल्व्हमधून तो ट्युबिंगमध्ये शिरतो आणि तेल हलकं करतो. वर आलेला वायू वेगळा काढून कॉम्प्रेसरने परत खाली. याला गॅस लिफ्ट म्हणतात. साधी हवा वापरायची नाही, हवेतला ऑक्सिजन आणि तेलाची वाफ एकत्र आली की स्फोटाचा धोका.

आफ्रिकेत कॅमेरूनमध्ये न्योस नावाचं तळं आहे, ते पण सांगावंसं वाटतं. तळाच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळून साठला होता, २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री तो एकदम बाहेर पडला आणि आसपासच्या गावांतली सतराशेच्या वर माणसं गुदमरून गेली. नंतर २००१ मध्ये तिथे सुमारे २०० मीटर खोल पाईप सोडला. सुरुवातीला पंपाने थोडं पाणी वर ओढलं, वर येताना दाब कमी होऊन वायू बुडबुड्यांच्या रूपात सुटला, खांब हलका झाला, आणि त्यानंतर पंप बंद केला तरी कारंजं आपोआप चालू राहिलं, पन्नास मीटरच्या आसपास उंच. ज्या वायूने माणसं मारली तोच आता स्वतःला थोडा थोडा करून बाहेर काढतो.

डाळिंबवाला_सांगोला
सगळ्यांचे मनापासून आभार. ड्रमचा प्रयोग काल संध्याकाळी मुलीला घेऊन केला. पाईप उचलत गेलो तसं पाणी तोंडाशी येऊन लटकलं आणि खाली गेलं, ते बघून सगळं डोक्यात उतरलं.

आज सकाळी मोजलं. मोटर बाहेरच आहे त्यामुळे बोअर मोकळा होता, नायलॉन दोरीला जड नट बांधून सोडला, ओल्या दोरीची खूण धरून १६५ फूट. हे शांत पाणी, बारा दिवस उपसा नाही. म्हणजे २८० ला फूट पीस धरला तर ११५ फूट बुडणार, ४१ टक्के, आणि उपसायला लागलं की अजून कमी. मे अजून पुढे आहे. नट तळाला टेकला तो २८८ वरच, म्हणजे १२ फूट गाळ भरलाय.

@मेकॅनिकल_मिरज, मग आधी रिगवाल्याकडून (बोअर मारायच्या मशीनवाल्याकडून) फ्लशिंग, म्हणजे बोअरची सफाई, करून घेऊ का?

मेकॅनिकल_मिरज
हो, तेच करा. आणि फ्लशिंग म्हणजे पण हवेनेच पाणी उचलणं आहे, फक्त कॉम्प्रेसर प्रचंड. तळाचा गाळ पाण्याबरोबर वर फेकला जाईल. पाणी नितळ येईपर्यंत थांबवू देऊ नका, रिगवाले घाई करतात. बादलीत धरून रेती बघत राहा. रेती थांबली तर कदाचित सबमर्सिबलच पुरेल आणि बिल पण वाचेल. नाहीच थांबली तर कॉम्प्रेसर, पण उन्हाळ्यात पाणी निम्म्यावर येईल हे धरूनच झाडांचं पाणी ठरवा.

डाळिंबवाला_सांगोला
गुरुवारी रिग येतेय. दर दहा मिनिटांनी एक बाटली भरून ओळीने ठेवतो, फोटो टाकतो इथे.