अर्ज घटलेत म्हणतात, मग मिशिगनमध्ये भरती का नाही?

मृणाल_मिशिगन (सप्टेंबर 2011)

नमस्कार मंडळी. हे डाय डिझाइनमध्ये आहेत, म्हणजे गाडीचे पत्र्याचे भाग ज्या साच्यांतून निघतात ते. मार्च 2009मध्ये लेऑफ झाला आणि राज्य आणि केंद्र सरकारचा मिळून 99 आठवड्यांचा बेकारी भत्ता यंदा फेब्रुवारीत संपला. सध्या माझ्या पगारावर घर चाललंय.

दर गुरुवारी सकाळी साडेआठला नव्या बेकारी अर्जांचा आकडा येतो. ह्यांची नोकरी गेली तेव्हा तो आठवड्याला साडेसहा लाखांवर होता, आता चार लाखांच्या आसपास आहे. मंदी जून 2009मध्येच संपली, असंही जाहीर झालंय. तरी एक फोन येत नाही. त्यात फिलाडेल्फिया फेडचा, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या तिथल्या शाखेचा, कारखान्यांच्या पाहणीचा ऑगस्टचा आकडा उणे 30.7! परत मंदी येणार का? दीर म्हणतात नॉर्थ डकोटाला चला, तिथे बेकारी साडेतीन टक्के आहे. मुलगी आठवीत आहे, तिला मध्येच उचलायचं का?

लेहाय_व्हॅली

फिलाडेल्फियाच्या आकड्याला एवढं घाबरू नका. तो फक्त पूर्व पेनसिल्व्हेनिया, दक्षिण न्यू जर्सी आणि डेलावेअरचा. कारखान्यांना विचारतात, मागच्या महिन्यापेक्षा बरं की वाईट? ‘बरं’ म्हणणाऱ्यांच्या टक्क्यांतून ‘वाईट’ म्हणणाऱ्यांचे टक्के वजा करतात, बस्स. म्हणजे उत्पादन 30 टक्के पडलं असं नाही. शिवाय ऑगस्ट म्हणजे सरकारच्या कर्जमर्यादेचं भांडण आणि देशाचं पतमानांकन घसरलं तो महिना. देशभरातल्या कारखान्यांच्या खरेदी व्यवस्थापकांना विचारून काढलेला आयएसएमचा आकडा त्याच महिन्यात 50.6 होता, 50च्या वरच, म्हणजे वाढ चालूच.

एल्कहार्टकर

मृणालताई, मी इंडियानात एका प्लांटमध्ये उत्पादनाचं नियोजन बघतो. 2009मध्ये आमच्या एल्कहार्टात बेकारी 18 टक्क्यांच्या वर गेली होती, त्यामुळे तुमच्या घरात काय चाललंय ते कळतं.

नवे अर्ज म्हणजे या आठवड्यात कुणाला घरी पाठवलं त्याची मोजदाद. कुणाला घेतलं, ते त्यात कुठेच नसतं. काढण्यासारखी माणसं ज्यांनी काढायची ती 2009मध्येच काढली, म्हणून अर्ज घटले. भत्ता संपल्यावर तुमचे यजमान चालू लाभार्थ्यांच्या यादीतूनही गेले. ती यादी लहान झाली की टीव्हीवर सुधारणा म्हणतात. मला ते ऐकवत नाही.

काम वाढलं की आम्ही काय करतो ते सांगतो. आधी आहे त्याच माणसांना ओव्हरटाइम. मग शनिवारची शिफ्ट. मग टेम्प एजन्सीचे, म्हणजे तात्पुरती माणसं पुरवणाऱ्या कंपनीचे लोक, आणि सरकारी हिशेबात ते कारखान्याचे कामगार धरलेच जात नाहीत. कायमची भरती सगळ्यात शेवटी, वरच्या ऑफिसला सहा-आठ महिन्यांच्या ऑर्डर डोळ्यांसमोर दिसल्यावर. देशात कारखान्यांतल्या नोकऱ्या 2007अखेर 1 कोटी 37 लाख होत्या, 2010च्या सुरुवातीला 1 कोटी 15 लाखांच्या खाली आल्या. त्यानंतर परत आल्या त्या तीनेक लाख.

तुमच्या राज्याचा आकडा बघा. तो देशाच्या आकड्यानंतर आठवड्याने येतो आणि मोठा फरक असेल तर राज्य कारणही देतं. मे महिन्यात एकदम 4,74,000 अर्ज आले तेव्हा सगळे हादरले. कारणं काय, तर न्यू यॉर्कमधली शाळांची वसंतातली सुट्टी, ओरेगॉनची नवी भत्ता योजना, आणि जपानच्या भूकंपामुळे सुटे भाग न मिळाल्याने गाड्यांच्या कारखान्यांतले लेऑफ. तिसरंच काय ते मिशिगनच्या कामाचं. जुलैचा आकडा तर मी धरतच नाही. नव्या मॉडेलसाठी प्लांट तेव्हा बंद ठेवतात, म्हणून दरवर्षीचे हंगामी चढउतार आकड्यातून वजा करतात त्या हिशेबात हे लेऑफ गृहीतच असतात. एखाद्या वर्षी प्लांट चालू राहिले की कुणाला नोकरी न मिळताच आकडा छान दिसतो.

नॉर्थ डकोटात काम तेलाचं आहे. ट्रक चालवणारे, वेल्डर लागतात. राहायला जागा मिळत नाही. डाय डिझाइनरने तिथे जाऊन काय करायचं? गाड्यांची विक्री 2009मध्ये 1 कोटी 4 लाख होती, 2010मध्ये 1 कोटी 16 लाख झाली. नवं मॉडेल आलं की डाय आधी बनतात, लाइनवरची माणसं मागाहून. तुमच्या यजमानांच्या कामाला मिशिगनच बरं. मुलीला हलवू नका.

मृणाल_मिशिगन

मनापासून आभार. एका टूल शॉपमधून सहा महिन्यांच्या कंत्राटाचं विचारलं होतं, एजन्सीमार्फत. हे नको म्हणाले. आरोग्य विमा नाही, आणि सहा महिन्यांनी परत घरी.

एल्कहार्टकर

विमा तुमच्या नोकरीतून असेल तर घ्या म्हणावं. दोन वर्षं डिझाइनच्या सॉफ्टवेअरला हात नाही, हे मुलाखतीत पहिलं विचारतात. आमच्याकडे गेल्या वर्षी कायम झालेले बहुतेक जण आधी टेम्प होते. आणि एक बघून ठेवा: काम करून पुरेशी कमाई झाली तर पुढे लेऑफ झाल्यावर भत्त्यासाठी नवा अर्ज करता येतो, पण मिशिगनने कायदा बदललाय. जानेवारी 2012पासून नव्या अर्जाला राज्याचे 26 नाही, 20च आठवडे मिळतील. सहा महिन्यांचा हिशेब करताना तेवढं धरा.