आळसापेक्षा तयार दरवाजा जास्त नडतो

रॅम, म्हणजे संगणकाची मेमरी, स्वस्त झाली, प्रोग्रामर आळसावले, म्हणून सॉफ्टवेअर फुगतं, असं कारण काही जण देतात. मला ते अर्धंच पटतं. अ‍ॅपलचं गाण्यांचं सॉफ्टवेअर आयट्यून्स बघा. 2001 मध्ये आलं तेव्हा काम मोजकं होतं: सीडीवरची गाणी मॅकवर, म्हणजे अ‍ॅपलच्या संगणकावर, घ्यायची, याद्या लावायच्या, ऐकायची. मग आयपॉड हा खिशातला प्लेअर भरायचा तर तेच. 2003 ला गाण्यांचं दुकान, 2005 ला पॉडकास्ट आणि व्हिडिओ, 2007 ला नवा आयफोन सुरू करायलाही तेच, 2008 ला अ‍ॅप्सचं दुकान. 2010 मध्ये तर पिंग नावाचं सोशल नेटवर्कसुद्धा त्यात कोंबलं. 2012 मध्ये पिंग गुंडाळलं.

यात आळस कुठे दिसतो? उलट राबणारी माणसं दिसतात. आयट्यून्स लोकांच्या संगणकांवर, अगदी विंडोजवरही, आधीच बसलेलं होतं. नवीन काही पोचवायचं तर तो दरवाजा तयार. एकेक निर्णय सुटा पाहिला तर चुकीचाही वाटत नाही. भोगलं ते ज्याला नुसती गाणी ऐकायची होती त्याने. विंडोजवर आयट्यून्स टाकलं की व्हिडिओ चालवणारं क्विकटाइम आणि नेटवर्कवरची उपकरणं शोधणारं बॉनजूर हेही सोबत यायचे. आयफोन दुसऱ्या संगणकाला जोडून गाणी भरायला गेलं की आधीची पुसून सिंक करू का, म्हणजे या संगणकावरचीच भरू का, असा प्रश्न समोर! साध्या माणसाने काय दाबायचं?

शेवटी 2019 मध्ये मॅकवर त्याचे म्युझिक, टीव्ही आणि पॉडकास्ट असे तुकडे केले आणि फोन जोडण्याचं काम फाइंडरकडे, म्हणजे मॅकवर फाइल्स बघायच्या प्रोग्रामकडे, दिलं. माझ्या मते ही वाटणी आयफोन आला तेव्हाच व्हायला हवी होती.